पिवळा दिवा, पिवळं पान

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडून टाकतो, म्हणजे ज्याला पटणार नाही त्याचा वेळ जायला नको. गाडीच्या डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर जोडला की एक कोड दिसतो, आणि त्या कोडाकडं बघून जो माणूस थेट पार्टांची यादी हातात ठेवतो, त्याला मी मिस्त्री म्हणत नाही. त्याला दुकानदार म्हणतो. मग त्याच्या अंगात कंपनीचा इस्त्रीचा शर्ट असो, नाहीतर ग्रीसनं काळी झालेली बंडी असो. आणि अशा दुकानदारीपायी आमच्या भागातली चांगली चालती गाडी भंगाराच्या भावानं जाते, तिच्या मागं माणूसही जातो, हे मी माझ्या घरच्या पिकअपवरून आणि भावकीतल्या एका घरावरून सांगणार आहे.

मी दहावी शिकलेला शेतकरी. पासष्टी ओलांडली. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या अंगाला तीन एकर बागायत आहे. टोमॅटो, कांदा, बांधाला चार नारळ. घरात एक पिकअप आहे, २०१७ सालची. २०२१ मध्ये जुनी घेतली, पतसंस्थेचं कर्ज काढून. कंपनीचं नाव घेत नाही. नाव घेतलं की भांडण एकाच्या दारात जाऊन बसतं, बाकीचे लांबून मजा बघतात. हे भांडण एकाचं नाही.

गाडीचं दुखणं असं होतं. टोमॅटोचे सत्तर क्रेट भरायचे, म्हणजे चौदाशे किलोच्या आसपास, आणि नारायणगावच्या बाजाराला निघायचं. संगमनेर सोडलं की चंदनापुरीचा घाट लागतो. रिकामी गाडी हा घाट हसत चढते. भरलेली गाडी तिसऱ्या गिअरात अर्ध्यावर आली की टुकदिशी पिवळा दिवा लागायचा आणि इंजिनाचा जीवच जायचा. ॲक्सिलेटर तळाला नेला तरी गाडी उचलायची नाही. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून बेजार. बाजूला घ्यायची, चावी बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं. परत चालू केली की जसं काही झालंच नाही. दिवा लागलेलाच, पण गाडी चढते. पुढं घारगाव, बोटा, आळेफाटा, सगळा रस्ता नीट.

दहा मिनिटांचंच काम होतं तर तक्रार कशाला, असं शहरातला माणूस म्हणेल. टोमॅटोचं तसं नसतं. लिलाव चुकला की माल संध्याकाळपर्यंत उन्हात, नाहीतर दुसऱ्या दिवसावर. पिकलेला माल क्रेटात दबतो, खालच्या थराला पाणी सुटतं. एका खेपेला आमच्या क्रेटमागं नव्वद रुपये कमी आले. सत्तर क्रेटांचा हिशेब तुम्हीच करा. त्या महिन्याचा पतसंस्थेचा हप्ता तिथं गेला.

गाडी कंपनीच्या वर्कशॉपात नेली. काचेची केबिन, थंड पाणी, बसायला सोफा. पोरानं स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटात स्कॅनर जोडला आणि म्हणाला, “नाना, पी-००८७. फ्युएल रेल प्रेशर टू लो. सेन्सर गेलाय.” सेन्सर बदलला. मजुरीसकट नऊ हजार झाले. दिवा पुसला. अकरा दिवसांनी त्याच घाटात, त्याच वळणाच्या पुढं, तोच दिवा.

दुसऱ्यांदा नेली तर अंदाजपत्रक छापूनच हातात दिलं. मोठा पंप, चारही इंजेक्टर, रेलचा व्हॉल्व्ह, मजुरी, कर. एक लाख बारा हजार. मी विचारलं, “बाबा, एवढं सगळं एकदम कसं गेलं?” सल्लागार साहेब म्हणाले, “स्कॅनर खोटं बोलत नाही.”

आता इथंच थांबू. कारण सगळी मेख या एका वाक्यात आहे. स्कॅनर खोटं बोलत नाही, हे खरंच आहे. पण तो बोलला काय होता?

हा कोड वाचायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पहिलं अक्षर पी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या घरातली तक्रार. त्यापुढं शून्य असलं तर तो सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेला कोड, आणि एक असला तर त्या कंपनीनं स्वतःपुरता ठरवलेला. बाकीचे आकडे तक्रारीचा नंबर. पी-००८७ म्हणजे काय, तर रेलमध्ये जेवढं डिझेलचं प्रेशर पाहिजे होतं तेवढं मिळालं नाही. एवढंच.

आणि हे प्रेशर म्हणजे काय चीज आहे तेही सांगतो. या जातीच्या इंजिनात पंप डिझेल दाबून एका जाड नळीत भरतो, तिला रेल म्हणतात. तिथून चारी इंजेक्टरांना वाटप होतं. भरलेल्या पिकअपच्या मागच्या चाकात हवा असते चार-साडेचार बार. रेलमध्ये जोर पडला की डिझेल हजार, सोळाशे बारपर्यंत जातं. गाडीतला कॉम्प्युटर सेकंदा-सेकंदाला बघत असतो, मागितलं किती आणि मिळालं किती. मिळणं कमी पडलं आणि पडतच राहिलं, की तो दिवा लावतो आणि इंजिनाचा घास कमी करतो, म्हणजे पुढं काही मोडू नये.

आता प्रेशर कमी का पडलं? फिल्टर तुंबलेला असेल. टाकीच्या तळाला घाण असेल. डिझेलात पाणी असेल. पाइपाला कुठं एअर धरत असेल. पंप झिजला असेल. इंजेक्टर आतल्या आत परतीच्या नळीत डिझेल सोडत असतील. रेलचा व्हॉल्व्ह गळत असेल. सेन्सर चुकीचं सांगत असेल, नाहीतर सेन्सरची वायर कुठं घासली असेल. मी नऊ कारणं मोजली. स्कॅनरनं यातलं एकही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, प्रेशर कमी आहे. पंप बदला हे त्याच्या तोंडी माणसानं घातलं.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही, कारण आपण हेच रोज कृषी सेवा केंद्रात बघतो. टोमॅटोचं पान पिवळं पडलं. पान खोटं बोलत नाही. पण खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची भूक असू शकते. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या तर लोहाची कमतरता. पाणी साचून मुळ्या गुदमरल्या तरी पान पिवळंच. व्हायरस आला तरी पिवळं. आता दुकानात एक पान तोडून नेलं, तर काउंटरवरचा माणूस वावरात येऊन मूळ उपटून बघतो का? तो मागं वळतो, फडताळातून बाटली काढतो. नाही लागू पडली तर पुढच्या आठवड्यात दुसरी बाटली. जो रोग सांगतो तोच औषध विकतो, आणि औषध खपलं तरच त्याचं पोट भरतं. असं जिथं जिथं असेल तिथं रोग नेहमी महागच निघणार. पिवळ्या पानाचं जे झालं तेच आता पिवळ्या दिव्याचं झालंय.

आमची गाडी शेवटी फाट्यावरच्या मिस्त्रीकडं आली. पत्र्याची शेड, समोर लिंबाचं झाड, एक पोरगं हाताखाली. त्याच्याकडंही स्कॅनर आहे, सेकंडहँड घेतलेला. त्यानं जोडला, तोच कोड आला. पण त्यानं एक काम जास्त केलं. कोड लागतो त्या क्षणाची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. इंजिनाचे फेरे किती, लोड किती, गाडीचा वेग किती, पाण्याचं तापमान किती. ती नोंद त्यानं उघडली आणि एका पुठ्ठ्यावर लिहून काढली. मग मला म्हणाला, “नाना, लोड भरगच्च, वेग कमी, इंजिन पुरतं तापलेलं. ही घाटातलीच नोंद. आता मला सांगा, सकाळी स्टार्ट कशी होते?”

“अर्ध्या चावीत.”

“गरम झाल्यावर बंद करून लगेच मारली तर?”

“तरी तशीच.”

“खड्ड्यात आदळली, पावसात भिजली, तर दिवा लागतो?”

“नाही. घाटातच, आणि भरलेली असली तरच.”

मिस्त्री म्हणाला, “मग पंपाला हात लावायचा नाय अजून.”

का नाही, ते त्यानं समजावून सांगितलं, आणि ते मी जसंच्या तसं देतो, कारण यात त्याचं सगळं शिक्षण आहे. स्टार्टर मारताना इंजिन सावकाश फिरतं. पंप झिजला असेल किंवा इंजेक्टर फार गळत असतील, तर त्या सावकाश फिरण्यात प्रेशर तयारच होत नाही, गाडी स्टार्टला त्रास देते, गरम झाल्यावर तर जास्तच. आपली गाडी अर्ध्या चावीत लागते. म्हणजे पंपाला डिझेल मिळतंय तोवर पंप दाबतोय. वायर घासली असती तर खड्ड्यात दिवा लागला असता, घाटाची वाट बघितली नसती. मग उरलं काय? लई डिझेल लागतं तेव्हाच ते पुरत नाही. तर मागं टाकीकडं चला. स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी.

फिल्टर नवा होता. खालचा बोल्ट सैल करून पाणी बघितलं, नव्हतं. टाकी उतरवली, तळ धुतला, जाळी साफ होती. मग त्यानं चार इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या सोडवून चार छोट्या बाटल्यांत घातल्या. खताच्या दुकानातल्या औषधाच्या असतात तेवढ्या. इंजिन चालू ठेवून बघितलं. चारही बाटल्यांत डिझेल सारखंच आणि थोडंच जमलं. एखादा इंजेक्टर गळका असता तर त्याची बाटली आधी भरली असती. म्हणजे ज्या चार इंजेक्टरांचे पैसे मला छापून दिले होते, ते चारही धडधाकट होते. हे कळायला चार बाटल्या आणि वीस मिनिटं लागली.

मग त्यानं टाकीपासून फिल्टरपर्यंतचा काळा रबरी पाइप काढला आणि त्याच्या जागी तेवढ्याच जाडीचा पारदर्शक पाइप लावला. आमच्या गाडीत टाकीत डिझेल ढकलणारा पंप नाही, पुढचा पंपच ओढून घेतो. ओढताना कुठं हवा आत शिरत असेल तर पारदर्शक पाइपात बुडबुडे दिसतील, हा त्याचा हिशेब. बुडबुडा एकही दिसला नाही. पण गंमत अशी की त्या पाइपावर गाडी घाट चढली. भरलेली. दिवा लागला नाही.

मी म्हटलं, “चला, झालं.” मिस्त्री म्हणाला, “काय झालं? अकरा दिवस तर सेन्सर बदलल्यावरही लागला नव्हता.”

त्यानं जुना काळा पाइप परत लावला. टोमॅटो धोक्यात घालायचे नाहीत म्हणून गाडीत बाराशे किलो शेणखत भरलं आणि घाटात नेली. अर्ध्यावर दिवा. तिथंच रस्त्याच्या कडेला पारदर्शक पाइप लावला, हातपंप मारून एअर काढली, दिवा पुसला, गाडी खाली नेली आणि परत चढवली. दिवा नाही. असं दोनदा केलं. मग शेडमध्ये येऊन जुना पाइप ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून धडका दिसणारा पाइप, पण आतला रबराचा थर सुटून पापुद्र्यासारखा लोंबत होता. डिझेल सावकाश ओढलं तर पापुद्रा बाजूला राहायचा. घाटात पंपानं जोरात ओढलं की तो पापुद्रा आत खेचला जाऊन वाट बंद करायचा. दहा मिनिटं इंजिन बंद ठेवलं की ओढ संपायची, पापुद्रा परत जागेवर. माझ्या दहा मिनिटांच्या थांबण्याचं कोडं त्या वीतभर चिरलेल्या पाइपात उकललं.

नवा पाइप आणि दोन क्लिपा, दोनशे दहा रुपये. तेव्हापासून दोन हंगाम झाले. दिवा लागलेला नाही.

आता यावर मला तीन बाजूंनी उत्तरं येतात. तिन्हींना उत्तर देतो.

पहिलं उत्तर वर्कशॉपवाल्यांचं. ते म्हणतात, आमच्याकडं दिवसाला इतक्या गाड्या येतात, प्रत्येक गाडीत शेणखत भरून घाटात न्यायला आम्हाला वेळ कुठून? मला त्या स्कॅनर जोडणाऱ्या पोराचा राग नाही. तो आयटीआय झालेला, कुणातरी शेतकऱ्याचाच पोरगा. त्याला बाटल्यांची तपासणी येत नाही असंही मी म्हणत नाही. पण त्याला तपासायला वेळ दिला जात नाही आणि तपासल्याबद्दल शाबासकी मिळत नाही. बिल पार्टांचं होतं. जिथं विचार केल्याचा एक रुपया मिळत नाही आणि पंप बदलल्याचे हजारो मिळतात, तिथं साधू बसवला तरी तो चार महिन्यांत पंपच बदलायला लागेल. म्हणून माझं म्हणणं त्याच्या नीतीबद्दल नाही, धंद्याच्या बांधणीबद्दल आहे. वेळ नसेल तर तसं सांगा. “आम्हाला कारण सापडलं नाही” असं बिलावर लिहून द्या. पण सापडलं नसताना सापडल्यासारखं अंदाजपत्रक छापू नका.

दुसरं उत्तर आमच्या पारावरचं. “जुन्या गाड्याच बऱ्या होत्या. ना सेन्सर, ना दिवा. तारेनं बांधली की चालली.” हे ऐकलं की मला वर्कशॉपपेक्षा जास्त चीड येते. जुन्या गाड्यांमागून जाताना तोंडाला रुमाल बांधावा लागायचा तो विसरलात? घाटात काळा धूर सोडणाऱ्या जीपच्या मागं मोटारसायकलवर पोरगं घेऊन गेलेला माणूस असं बोलणार नाही. देशभर बीएस-४ आलं १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला, ते हवेसाठी आलं आणि ते बरंच झालं. त्या दिव्यानं माझं नुकसान केलं नाही. उलट त्यानं वेळेवर ओरडून सांगितलं आणि इंजिनाचा घास कमी करून पंप वाचवला. त्या कोडासोबतची नोंद नसती तर मिस्त्रीलाही सगळी गाडी उसवावी लागली असती.

याच पारावरच्या शहाणपणातून दुसरा एक धंदा निघालाय. दिव्याचा बल्बच काढून टाकायचा, नाहीतर दिव्यावर काळी चिकटपट्टी लावायची. पाचशे रुपयांत ‘काम’. राखणीच्या कुत्र्याच्या भुंकण्यानं झोपमोड होते म्हणून त्याला हाकलून देण्यातला हा प्रकार. चोर काही कमी होत नाहीत. डिझेलात पाणी असतं आणि दिवा झाकलेला असता, तर पंप आणि इंजेक्टर खरोखरच गेले असते आणि ते एक लाख बारा हजार खरे झाले असते.

तिसरं उत्तर घरातल्या तरुणांचं. “जुनी गाडी काढा, नवी घ्या, कटकट मिटेल.” यावर मी भावकीतलं एक घर दाखवतो. माझ्या चुलतभावाच्या पोराकडं अशीच पिकअप होती. तोच दिवा. त्यानं एकदा पंप बदलला, कर्ज काढून. तीन आठवड्यांनी दिवा परत लागला. इंजेक्टर बदला म्हणाले. पैसे नव्हते. एका एजंटानं “इंजिन कामाचं आहे” म्हणून पाडून भाव केला आणि गाडी नेली. आज ते पोरगं त्याच रस्त्यावर दुसऱ्याची पिकअप चालवतं, महिन्याच्या पगारावर. गाडी गेली, कर्ज राहिलं. त्याच्या गाडीचा आजार काय होता हे कुणालाच कळलं नाही, कारण तो कुणी शोधलाच नाही. फक्त सामान बदललं. नवी गाडी घेतली असती तर नवी गाडीही आठ वर्षांनी जुनीच होणार होती आणि तिच्यात यापेक्षा जास्त सेन्सर असणार होते.

मग करायचं काय? हे भांडण फक्त आमच्या तालुक्याचं नाही. अमेरिकेत १९९६ सालापासून मोटारींना एकसारखं सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं, कोणत्याही गॅरेजवाल्याला कोड वाचता यावा म्हणून. तिथंही कंपन्या पुढची माहिती दाबून ठेवायला लागल्या, तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ मध्ये कौल देऊन दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना द्यायला लावली. आपल्याकडंही काही झालं नाही असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड सांगितला होता. कारण काय, तर अस्सल पार्ट, दुरुस्तीची पुस्तकं आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या मिस्त्र्यांना मोकळेपणानं मिळू देत नाहीत. पुढं अपिलं झाली, वर्षं गेली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. त्यात मोबाईल, घरगुती उपकरणं आणि मोटारींबरोबर शेतीची अवजारंही धरली आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू झालं.

कागद चांगले आहेत. पण तो कागद फाट्यावरच्या शेडपर्यंत पोचलेला नाही. आमच्या मिस्त्रीचा स्कॅनर शून्याचे कोड दाखवतो. कंपनीच्या खासगी कोडापुढं नुसता आकडा येतो, अर्थ येत नाही. वायरिंगचा नकाशा तो मोबाईलवर फोटोंतून जमवतो. आठवी शिकलेला माणूस इंग्रजी शब्द अक्षर-अक्षर लावून वाचतो आणि तरी रोग बरोबर काढतो. त्याच्या हातात मराठीतलं पुस्तक आलं तर तो काय करील?

आणि हे पिकअपवर थांबणार नाही. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आहेत. त्यापायी ट्रॅक्टरातही कॉम्प्युटर, रेल आणि सेन्सर आले आहेत. आज घाटात गाडी थांबते, उद्या पेरणीच्या वाफशावर ट्रॅक्टर थांबेल. वाफसा दहा मिनिटं थांबत नाही आणि वर्कशॉपच्या तारखेलाही थांबत नाही. तेव्हा पिवळा दिवा लागला आणि आसपासच्या वीस गावांत तो वाचून कारण शोधणारा एकही माणूस उरला नसेल, तर आपण कुणाच्या दारात उभं राहणार आहोत, याचा विचार आत्ताच करा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, गाडी आणि ट्रॅक्टर विकताना सगळ्या कोडांचा अर्थ मराठीत छापून द्यायचा, खासगी कोडांसकट. दोन, तालुक्याच्या आयटीआयमध्ये आठवड्यातून एक दिवस गावोगावच्या मिस्त्र्यांना स्कॅनर आणि तपासणी शिकवायची, दहावीचा दाखला न मागता. तीन, वर्कशॉपात पार्ट बदलण्याआधी कोणती तपासणी केली आणि तिच्यात काय निघालं, हे बिलावर लिहायचं, आणि काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यायचा.

चौथी मागणी सरकारकडं नाही, आपल्याच लोकांकडं आहे. आपल्याकडं पंपाचे चाळीस हजार मान खाली घालून मोजतात, आणि मिस्त्रीनं दीड दिवस डोकं चालवून दोनशे दहा रुपयांचा पाइप बदलला तर म्हणतात, “पाइपच तर बदललास, पन्नास रुपये घे.” वकिलाला बोलण्याचे पैसे देतो, डॉक्टरला नाडी बघण्याचे देतो. मिस्त्रीला मात्र फक्त सामानाचे. मग तोही एक दिवस सामानच विकायला बसतो. मी आमच्या मिस्त्रीला पाइपाचे दोनशे दहा वेगळे दिले आणि शोधून काढल्याचे तीन हजार वेगळे दिले, आणि वहीत तसंच लिहायला लावलं. तो घेत नव्हता. म्हणाला, “नाना, एवढं कशाचं?” मी म्हटलं, “बाटल्यांचं.” ज्या दिवशी आपल्या वह्यांत तपासणीचा रकाना निघेल, त्या दिवशी फाट्यावर तपासणारी माणसं टिकतील. त्या मिस्त्रीच्या हाताखालचं पोरगं सध्या पुण्याला वॉचमनची नोकरी बघतंय. ते गेलं तर पुढच्या दिव्याला आपल्याकडं फक्त स्कॅनर उरेल.